‘सगळी जावास्क्रिप्ट एकाच फाइलीत ठेवा’ हा सल्ला ऐकू नका

यवतमाळकडच्या आमच्या शिकाऊ पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: जावास्क्रिप्ट (वेबपानाला काम करायला लावणारा कोड) एकाच फाइलीत लिहा. छोट्या कामाला तुकडे नकोत, तुकडे केले की नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) आणि बंडलर (फाइली जोडून एक करणारं साधन) लागतोच, आणि फाइली वाढल्या की खेड्यातल्या नेटवर साइट रांगते. पोरं हे खरं धरून चालली आहेत, म्हणून लिहितो.

आधी ‘छोटं काम’. कापूस वेचणीच्या हिशोबासाठी मी एक पान केलं होतं. मजुरी किलोवर, विक्री क्विंटलवर. फाइल एकच. वर मजुरीचं ‘टोटल’ नावाचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. महिन्याभराने खाली विक्रीसाठी एक लिहिलं, त्याचंही नाव ‘टोटल’. साध्या स्क्रिप्टमध्ये अशा वेळी एरर येत नाही, खालचं फंक्शन गुपचूप वरच्याची जागा घेतं. खालचं किलोला १०० ने भागायचं. संध्याकाळी काट्यावर ४२ किलो भरले, १० रुपये दराने ४२० व्हायचे, तर मोबाइलवर ४ रुपये २० पैसे! दिवसभर उन्हात वेचलेल्या काकू समोर उभ्या. मजुरी आणि विक्री वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये (आपली नावं आपल्यापुरती ठेवणाऱ्या फाइलींत) असती तर दोन्ही ‘टोटल’ आपापल्या घरात राहिली असती. एकाच मॉड्यूलमध्ये दोनदा लिहिलं असतं, तर ब्राउझरने तिथेच सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्यातली चूक) दिली असती.

नोड लागतं, हे चूक. मॉड्यूल भाषेत २०१५ साली आले आणि मे २०१८ मध्ये फायरफॉक्स ६० निघाल्यावर सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालू लागले. स्क्रिप्ट टॅगला टाइप ‘मॉड्यूल’ द्यायचा, बस. पोरं अडतात ती भलतीकडेच: पान डबल-क्लिकने उघडतात, ब्राउझर सुरक्षेसाठी मॉड्यूल अडवतो, आणि दोष मॉड्यूलवर येतो. पायथनचा एका ओळीचा लोकल सर्व्हर (आपल्याच मशीनवरून ब्राउझरला पान पुरवणारा) पुरतो.

नेटच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. एका फाइलीने दुसरी मागवायची, दुसरीने तिसरी, अशी साखळी लांबली की प्रत्येक टप्प्याला एक फेरी पडते आणि रेंज कमी असेल तिथे ती जाणवते. त्याला मॉड्यूल-प्रीलोड आहे, म्हणजे पुढच्या फाइली आधीच मागवायची ब्राउझरला दिलेली सूचना. नाहीतर साइट चढवताना बंडल करा, लिहिताना फाइली वेगळ्याच ठेवा. नुसत्या संख्येला घाबरू नका. जुन्या एचटीटीपीत (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यात) ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच जोडण्या ठेवायचा. एचटीटीपी-२ मध्ये एकाच जोडणीवरून कितीतरी फाइली एकदम येतात. शिवाय कॅशिंग (उतरलेली फाइल ब्राउझरने जपून ठेवणं) नीट लावलं असेल, तर मजुरीचा दर बदलला की तेवढीच छोटी फाइल पुन्हा उतरते. एकच मोठी असेल तर एका आकड्यासाठी ती अख्खी उतरते.