एक घर, किमती अनेक

आजोबा गेले, मागोमाग काका आणि बाबाही गेले, तरी आमचं राजापूरकडचं घर आजोबांच्याच नावावर सुखाने उभं होतं. वारसनोंदीचं दरवर्षी गणपतीत निघायचं आणि विसर्जनाबरोबर जायचं. मग चुलतभावाने, म्हणजे दादाने, सगळ्यांचे हिस्से विकत घेतो म्हणून जाहीर केलं आणि किंमत काढायची वेळ आली.

त्याच दिवसापासून दादाला ते घर पडीक दिसू लागलं. वाशांना वाळवी, कौलं गळकी, आणि चिरेबंदीला हल्ली विचारतो कोण? आत्याला मात्र दारातून थेट मुंबई-गोवा महामार्ग दिसत होता. "चौपदरी पुरा होऊ दे, मग बघ भाव!" ते काम सुरू झालं तेव्हा ती जिना धावत उतरायची, आता कठडा धरून उतरते. मीही विकणाऱ्यांतलाच, त्यामुळे निव्वळ तत्त्वाखातर आत्याच्या बाजूला.

शेवटी सरकारमान्य व्हॅल्युअर आले. त्यांनी लेझरने माजघर मोजायला घेतलं, तर लाल ठिपका नेमका तसबिरीतल्या आजोबांच्या कपाळावर. आत्याने हात जोडले. मग घराचं वय विचारलं, कारण घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, त्यावर ठरतो. दादा म्हणाला, "सव्वाशे तरी." आत्या उसळली, "काहीतरीच! पडवी माझ्या लग्नात काढलीय." स्वतःचं वय वाढवून सांगणारी आत्या घराचं वय चोरताना मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढे कळलं, किंमत एक नसतेच. मुद्रांक शुल्काला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्यातला दर, व्यवहाराला बाजारभाव, आणि जुन्या मालमत्तेच्या भांडवली नफ्याला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ती जितकी जास्त, तितका विकणाऱ्याचा कर कमी. हे ऐकताच आत्याला २००१ साली गावात गिऱ्हाइकांची रीघ लागल्याचं आठवलं. सीएंनी सांगितलं, त्या किमतीलाही तेव्हाच्या सरकारी मूल्याची मर्यादा आहे. "सरकारला काय कळतंय आमच्या घरातलं?" इति आत्या.

झाडांवरून वेगळंच पेटलं. व्हॅल्युअरनी फणस सरसकट एकाच भावाने लावले होते. काप्याला आणि बरक्याला एकच भाव? या एका मुद्द्यावर दादा-आत्या एक झाले.

अहवाल आला. दादाला आकडा फार वाटला, आत्याला फारच कमी. व्हॅल्युअर शांतपणे म्हणाले, "म्हणजे बरोबर आलाय." आणि बिल पुढे केलं. तो आकडा मात्र सगळ्यांना एकमताने जास्त वाटला.