धड अडीच वर्षंही नाही

परवा एका ग्रुपवर वाद रंगला होता, अमका पाच टर्म खासदार, तमका सात टर्म, आणि जो तो आपापल्या नेत्याच्या टर्म मोजत बसलेला. मला मात्र समाजवादी नेत्या मृणालताई गोरे आठवल्या. मार्च १९७७ ला मुंबई उत्तरमधून लोकसभेत गेल्या आणि ऑगस्ट १९७९ मध्ये लोकसभाच बरखास्त झाली. संपली खासदारकी.

नवीन पोरांना नाव माहीत नसतं म्हणून सांगतो. राष्ट्र सेवा दलातली मुलगी, मेडिकलचं शिक्षण अर्धवट सोडून चळवळीत आली, बंडू गोरेंशी लग्न केलं. ते १९५८ मध्ये गेले तेव्हा पदरात लहान मुलगी होती. १९६१ ला मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि तिथे पाण्यासाठी इतक्या भांडल्या की लोकांनी नावच पाडलं, पाणीवाली बाई. मग १९७२ चा दुष्काळ आणि महागाई. कम्युनिस्ट नेत्या अहिल्याताई रांगणेकर वगैरे सगळ्यांना घेऊन लाटणे मोर्चे काढले, ताटावर लाटणं बडवत. लाल बावटा, समाजवादी, काँग्रेसच्या घरातल्या बायकासुद्धा एका रांगेत, कारण रॉकेल आणि तेल कुणालाच मिळत नव्हतं. आमच्या आजीकडे एक पितळी ताट होतं, कडेला चेपलेलं. लाटण्याने बडवून बडवून. त्यात पुढे कोणी जेवलं नाही, पण मोडीतही घालू दिलं नाही तिने.

आणीबाणीत ताई भूमिगत झाल्या, पकडल्या गेल्या, तुरुंगात गेल्या. सुटल्यावर निवडणूक लढवली. इंदिराबाई रायबरेलीत पडल्या आणि मुंबईत घोषणा फिरली, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. अहिल्याताईही त्याच वेळी खासदार झाल्या, म्हणजे लाटणं घेऊन फिरलेल्या दोघी एकदमच लोकसभेत!

आता माझा खरा मुद्दा. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी मृणालताईंना आरोग्य मंत्रिपद देऊ केलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं. आमच्याकडे हे अगदी भक्तिभावाने सांगतात, बघा कसा त्याग. मला नाही पटत, कधीच पटलं नाही. मेडिकलला गेलेली बाई, झोपडपट्टीतल्या नळाची रांग अंगावर घेतलेली बाई, तिने आरोग्य खातं घ्यायचं नाही तर कोणी घ्यायचं? आपल्या समाजवादी मंडळींना सत्तेचा जो एक विटाळ होता ना, त्याने खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत, त्यावर दुसरेच बसले. हे लिहिलं की ओळखीतले दोन-चार ज्येष्ठ आज संध्याकाळपर्यंत फोन करणार, करू देत.

पण मग मीच अडकतो. जनता सरकार तसंही १९७९ च्या जुलैत कोसळलंच, खातं घेऊन हाती किती लागलं असतं? आणि १९८५ ला त्या परत विधानसभेत आल्या तेव्हा विरोधी बाकावरून गर्भलिंग चाचणीविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं, म्हणजे सरकारचं नाही, आमदाराने स्वतः मांडलेलं. सरकारला हलावं लागलं, १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला, आणि केंद्राला तो करायला १९९४ उजाडलं. हे कुठल्याही मंत्रिपदाशिवाय. गोरेगावला नागरी निवारा या गृहप्रकल्पातली हजारो घरं उभी राहिली, तीही अशीच, सरकारशी वर्षानुवर्षं भांडून. तरी मला वाटतं की त्या खुर्चीवर त्या दोन वर्षं जरी बसल्या असत्या तरी... असो.

२०१२ च्या जुलैत ताई गेल्या. आजी त्याच्या आधीच गेली होती. ताई निवडून आल्या त्या रात्री चाळीत पेढे वाटले गेले, आजीने पेढा घेतला आणि म्हणाली, दिल्लीला गेल्या तर इथे पाण्याचं कोण बघणार? आमचा नळ तेव्हा पहाटे साडेतीनला यायचा.