पूर नसलेले गाव: ‘द गिव्हर’वरील प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’ (1993) या कादंबरीवरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. कादंबरीतल्या ज्या समाजात भूक नाही, भांडण नाही, पूरही नाही, त्याला नावे ठेवणे ही सुखवस्तू माणसाची चैन आहे आणि 2019 साली घरातला चिखल उपसलेल्या सांगलीकराला तरी ती शोभत नाही, असा आपला मुख्य आक्षेप आहे.

त्याआधी एक चूक कबूल करतो. कादंबरीतल्या ‘सेमनेस’ला मी ‘समता’ म्हटले, त्यावर आपण बोट ठेवलेत ते योग्यच आहे. ज्या शब्दासाठी महाराष्ट्रात माणसांनी आयुष्य वेचले, तो रंग आणि ऋतू पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेला बहाल करणे हा माझा निष्काळजीपणा होता. तिथे ‘एकसारखेपणा’ असे वाचावे.

मुख्य आक्षेप मात्र मला पटत नाही, कारण लेखिकेने सुरक्षिततेची टिंगल केलेलीच नाही. बर्फामुळे पिकांचा हंगाम आखडत होता आणि टेकड्यांमुळे मालवाहतूक रखडत होती, म्हणून दोन्ही गेली. कोणत्याही नियोजनाच्या बैठकीत माना डोलाव्यात, अशीच ही कारणे आहेत. खटकते ते पुढचे. साऱ्या गावाच्या आठवणी एका म्हाताऱ्याच्या माथी मारून बाकीचे मोकळे झाले. मजूर वाढावेत म्हणून प्रत्येक जन्मदात्रीने तीनऐवजी चार मुलांना जन्म द्यावा, अशी मागणी तिथे एकदा होते, तेव्हा वडीलधाऱ्यांची समिती त्याच म्हाताऱ्याचा सल्ला घेते. त्याला उपासमार आठवते आणि तो नको म्हणतो. भूक म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

आपल्याकडे कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो ‘आयर्विनला किती फूट?’ असे विचारतो, म्हणजे सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती. 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 म्हणजे धोका, हे शाळकरी मुलांनाही पाठ असते. आठवण नेहमी पुरते असे नाही, हेही खरे. भिंतीवरची 2005 ची खूण पाहून वडिलांनी धान्याचे डबे तिच्या वीतभर वर ठेवले होते आणि 2019 साली ते सगळे गेले. पण 2021 मध्ये पाणी चढू लागले, तेव्हा आमच्या गल्लीने कोणाच्या सूचनेची वाट न पाहता सामान वरच्या मजल्यावर हलवले. पूर नको, हे आपल्याइतकेच मलाही वाटते. पुराची आठवण एकट्याकडे सोपवायला मात्र माझी तयारी नाही.

बारा वर्षांच्या मुलांना हे पुस्तक झेपणार नाही, या आपल्या काळजीत तथ्य आहे. कादंबरीचा नायक जोनास याचे वडील जुळ्या बाळांचे वजन करतात, हलक्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात आणि त्याला हसतमुखाने निरोप देतात. ते दुष्ट नाहीत. मरण म्हणजे काय हेच त्यांना माहीत नाही, आणि म्हणून तो प्रसंग अधिक भयंकर होतो. माझ्या पुतणीने त्या पानावर पुस्तक मिटले, ते दोन दिवसांनी पुन्हा उघडले. मोठ्यांनी सोबत बसून वाचावे, अशी सूचना लेखात आजच घालतो.

शेवट अधांतरी असल्याच्या तक्रारीवर माझ्याकडे एवढेच उत्तर आहे, की 2012 साली आलेल्या ‘सन’ (Son, म्हणजे मुलगा) या चौथ्या भागात, जोनास ज्या बाळाला घेऊन पळतो त्या गॅब्रिएलची पुढची हकिगत आहे. हवा असल्यास माझी प्रत घेऊन जावी.