उलट्या पिनची सूचना पोलिसांपर्यंत जात नाही

एक संदेश कित्येक वर्षांपासून पुन्हा पुन्हा फिरत आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: चोराने धाक दाखवून एटीएममधून पैसे काढायला लावले तर विरोध न करता पिन उलटा टाका, म्हणजे १२३४ असेल तर ४३२१, यंत्राला तुमची अडचण कळेल, नोटा अर्धवट बाहेर येऊन अडकतील आणि चोराला पत्ता न लागता पोलिसांना सूचना जाईल. याच्या जोडीला आणखी एक सल्ला असतो: कार्ड घालण्याआधी ‘कॅन्सल’चे बटण दोनदा दाबा, म्हणजे कोणी पिन चोरण्याची व्यवस्था करून ठेवली असेल तर ती रद्द होईल. पाठवणाऱ्यांच्या मनात आपल्या माणसांची काळजीच असते, याबद्दल मला शंका नाही. पण यातला एकही दावा खरा नाही आणि पहिला तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून तो मुळापासून तपासणे मला आवश्यक वाटते.

‘यंत्र उलटा पिन ओळखते’ हे या संदेशाचे मूळ विधान. उलटा पिन ओळखायचा तर आधी सरळ पिन माहीत असावा लागतो आणि एटीएमला तो कधीच माहीत नसतो. एटीएमचा कीपॅड हे स्वतंत्र, बंदिस्त उपकरण असते. आपण आकडे दाबतो तेव्हा त्याच्या आतच पिनची कार्डाच्या क्रमांकाशी सांगड घालून तो कूटबद्ध केला जातो, म्हणजे ‘किल्ली’ नावाच्या गुप्त संख्येशिवाय वाचता न येणाऱ्या मजकुरात बदलला जातो, आणि कोणी ते उपकरण फोडण्याचा प्रयत्न केला तर आतल्या गुप्त किल्ल्या आपोआप पुसल्या जातात. एटीएमच्या संगणकाला कळते ते एवढेच की एक बटण दाबले गेले, मग दुसरे, तिसरे, चौथे. पडद्यावर आपल्याला जे चार तारे दिसतात, त्याहून अधिक काही त्यालाही दिसत नाही.

हा कूटबद्ध मजकूर पुढे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. एटीएम दुसऱ्या बँकेचे असेल तर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर त्याची किल्ली बदलते, पण तो बदलही त्याच कामासाठी बनवलेल्या सुरक्षित उपकरणाच्या आत होतो. तेथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला किंवा नेहमीच्या संगणकाला उघडा पिन दिसत नाही. शेवटी आपल्या बँकेतले असेच एक उपकरण पिन जुळतो की नाही, एवढेच उत्तर देते. १२३४ च्या जागी ४३२१ आला काय किंवा ७०९६ आला काय, उत्तर एकच: जुळत नाही. चोराच्या हाती पिन लागू नये म्हणून जी गुप्तता पाळली जाते, तिच्यामुळेच हा दावा आजच्या यंत्रणेत खरा ठरू शकत नाही.

प्रत्यक्षात काय घडेल, ते डोळ्यांसमोर आणून पाहावे. मागे धाक दाखवणारा माणूस उभा आहे, उलटा पिन टाकला गेला आहे आणि त्याच्या समोरच पडद्यावर ‘चुकीचा पिन’ अशी अक्षरे उमटली आहेत. पोलीस येत नाहीत, पैसेही येत नाहीत. आपल्याला फसवले जात आहे हे मात्र त्या माणसाला लगेच कळते. असे ठरावीक वेळा झाले, बहुधा तीनदा, की बँक पिन बंद करते आणि देण्याजोगे काही उरत नाही.

ही कल्पना पूर्णपणे हवेतली नाही, हेही सांगायला हवे. जोसेफ झिंगर या अमेरिकी व्यावसायिकाने अशा पद्धतीचे पेटंट १९९८ मध्ये मिळवले होते, आणि अफवेला खरेपणाचा जो वास येतो तो बहुधा तिथूनच. पण पेटंट मिळणे आणि पद्धत वापरात येणे यांत मोठे अंतर आहे. २००९ च्या एका कायद्यानुसार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या विषयाचा अभ्यास केला आणि २०१० च्या अहवालात, संकटकाळच्या पिनची कोणतीही पद्धत एटीएमवर कधीच बसवली गेलेली नाही, असे नमूद केले. शिवाय चार आकड्यांच्या १०,००० पिनपैकी १००, उदाहरणार्थ २११२ किंवा ५५५५, उलटे केले तरी तेच राहतात. त्या लोकांनी काय करायचे? आणि भीतीने हात थरथरत असताना आकडे उलट क्रमाने आठवून बिनचूक दाबणे वाटते तितके सोपे नाही.

‘नोटा अर्धवट अडकतात’ या दाव्याला फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पिन न जुळल्यास व्यवहाराला मंजुरीच मिळत नाही आणि मंजुरीशिवाय कॅसेटमधून, म्हणजे यंत्रातल्या नोटांच्या पेटीतून, एकही नोट हलत नाही. मंजुरीनंतर रोलर नोटा एकेक करून उचलतात, दोन नोटा चिकटून आल्या आहेत का हे सेन्सर तपासतात, संशयास्पद नोटा आतल्या वेगळ्या पेटीत जातात आणि मगच गठ्ठा झडपेपाशी येतो. तेथे नोट अडकली तर तो बिघाड असतो. त्यातून कोणाला कसलाही इशारा जात नाही.

‘कॅन्सल’ दोनदा दाबण्याचा सल्ला जीवघेणा नसला तरी फसवा आहे. कार्ड घालण्याआधी व्यवहारच सुरू झालेला नसतो, मग रद्द काय होणार? पिन चोरणारे लोक कार्डाच्या खाचेवर कार्ड वाचणारे बनावट उपकरण बसवतात, वर बारीक कॅमेरा लपवतात किंवा कीपॅडवर दुसरा कीपॅड चिकटवतात. ही साधने एटीएमच्या संगणकाशी जोडलेलीच नसतात, त्यामुळे यंत्रावरच्या कोणत्याही बटणाने ती बंद पडत नाहीत. लपवलेल्या कॅमेऱ्याविरुद्ध उपयोगी पडतो तो दुसऱ्या हाताचा आडोसा. खाच किंवा कीपॅड हलवून पाहिल्यावर सैल लागला तर ते यंत्र वापरू नये.

आणि खरोखरच कोणी धाक दाखवला, तर पिन सरळ टाकावा, पैसे द्यावेत आणि सुरक्षित जागी पोहोचताच आधी पोलिसांना, मग बँकेला फोन करून कार्ड बंद करावे. व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यंत्राचा क्रमांक एटीएमच्या नोंदीत राहतो, त्यामुळे तक्रारीत वेळ सांगितली की त्या क्षणाचे कॅमेऱ्याचे चित्रण शोधणे सोपे जाते.