चर्चा खोल असावी, पाय मात्र भिजू नयेत

इंदुरात राहून पेगन, म्हणजे युरोपातल्या ख्रिस्तपूर्व देवांचा उपासक, व्हायचं मनावर घेतलंत, अभिनंदन. शब्दाचा अर्थ आधीच कानात सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी डिवचलं तर दचकायला नको. लॅटिनमधला 'पेगानुस' म्हणजे खेड्यातला माणूस. रोमन साम्राज्यातली शहरं ख्रिस्ती होत गेली तेव्हा जुन्या देवांना धरून बसलेल्यांना हे नाव चिकटलं. आपल्या भाषेत, गावंढळ. तुमचे पणजोबा होळकरांच्या चाकरीत इथे आले, आजोबांनी रामबागेत बिऱ्हाड केलं, वडिलांनी सूट शिवला. तीन पिढ्यांनी खपून गावंढळपणा खरवडून काढला आणि तुम्ही तो इंग्रजीतून परत मागवलात. घरी सांगू नका. गट मात्र काढा, कारण गटाशिवाय धर्म म्हणजे नुसतीच श्रद्धा, आणि श्रद्धेला स्क्रीनशॉट निघत नाही.

मी असा एक गट गेली चार वर्षं फोनवर चालवतो. साठेक मंडळी आहेत. सगळी मराठी, बहुतेक इंदूरची, दोन देवासची, शिवाय मँचेस्टरला असलेला एक भाचा, ज्याच्यामुळे आम्ही आंतरराष्ट्रीय आहोत. चर्चा खोल आणि सतत तेवती कशी ठेवावी, हे मला बरेच जण विचारतात. खरं तर कुणी विचारत नाही, पण अनुभव वाया जाऊ नये म्हणून सांगतो.

नवा सदस्य आला की पहिल्याच दिवशी विचारतो, 'माझी देवता कोणती?' त्याला उलट काही विचारू नका. तू कुठला, घरी काय करतात, तुला हे कशाला हवं, असल्या चौकशा लग्नाच्या बोलणीत शोभतात. त्याला सात प्रश्नांची एक चाचणी पाठवा. आवडता रंग कोणता, कावळा आवडतो का, वगैरे. उत्तरात नॉर्स देवांचा राजा ओडिन किंवा ग्रीकांची चेटूकदेवी हेकटी निघालीच पाहिजे. आमच्या गटात आजवर एकालाही एखाद्या ओढ्याचा किंवा उंबरठ्याचा किरकोळ देव लागलेला नाही, सगळ्यांना थेट वरिष्ठ पातळीवरूनच बोलावणं येतं. जेजुरीला जायला अकरा वर्षं रजा मिळाली नाही, त्या गृहस्थांना ओडिन मात्र सुदामा नगरात घरपोच मिळाला. कुलदैवताला निदान तळी भरावी लागते. ओडिनला प्रोफाइलचा फोटो बदलला की पुरतं.

दुसरं म्हणजे प्राचीनता. काहीही सांगा, पण ते पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे असं सांगा. या बाबतीत आमचे आदर्श जेराल्ड गार्डनर. विक्का या चेटूकविद्या मानणाऱ्या पेगन पंथाची उभारणी ज्यांच्या नावावर आहे ते हे गृहस्थ आधी सिलोनात चहाच्या मळ्यावर, मग मलायात रबराच्या, शेवटी तिथल्याच कस्टम खात्यात नोकरीला होते. १९३६ साली निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. आपल्याकडे निवृत्त माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो, यांनी धर्म काढला. १९५१ साली इंग्लंडचा जुना चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि १९५४ साली यांचं पुस्तक आलं. त्यात म्हटलं होतं की हा धर्म युगानुयुगं गुप्तपणे चालत आलेला आहे, आपल्याला फक्त सापडला. त्याला आधार होता मार्गारेट मरे या विदुषींच्या सिद्धांताचा. त्या इजिप्तच्या अभ्यासक. चेटकिणी म्हणून मारलेली माणसं एका जुन्या धर्माची अनुयायी होती, असं त्यांनी १९२१ साली मांडलं. पुढे इतिहासकारांनी ते खोडून काढलं. पण एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली चेटूकविद्येची नोंद १९२९ पासून १९६९ पर्यंत त्यांचीच होती. चाळीस वर्षं! आमच्या गटात एखादा चुकीचा फॉरवर्ड चाळीस मिनिटं टिकला तरी मी तृप्त असतो.

पण गार्डनरांची खरी कमाल वेगळीच. ते वर्तमानपत्रांना मुलाखती देत सुटले, तेव्हा त्यांच्याच मंडळातले लोक वैतागले. त्यात डोरीन व्हॅलिएंटे होत्या, मंडळाच्या मुख्य पुजारीण. गार्डनरांनी जुनं म्हणून दिलेल्या मजकुरात अलीस्टर क्रॉली या त्याच शतकातल्या गूढविद्यावाल्याच्या ओळी आहेत हे त्यांनी आधीच ओळखलं होतं आणि मग बराचसा भाग स्वतःच नव्याने लिहून काढला होता. म्हणजे बाई कामाच्या होत्या. १९५७ साली या मंडळींनी काही साधे नियम लिहून गार्डनरांपुढे ठेवले, प्रसिद्धीला आवर घाला एवढाच मथितार्थ. गार्डनर म्हणाले, नियम कशाला, प्राचीन नियम आहेतच की! आणि नियमांचं अख्खं बाड पाठवून दिलं. त्यात एक कलम असं, की पुजारीण वयस्क झाली की तिने तरुण बाईसाठी पायउतार व्हावं. हे प्राचीन नियम आजवर आपल्याला कसे दिसले नाहीत, असं म्हणत व्हॅलिएंटेबाई आणि त्यांच्या बाजूची मंडळी बाहेर पडली.

यातून काय शिकायचं ते तुम्हाला कळलंच असेल. मी शिकलो. मागच्या पावसाळ्यात कुणी तरी म्हणालं, अ‍ॅडमिन आलटून पालटून असावा. त्याच संध्याकाळी मला एक प्राचीन नियम आठवला.

कधीमधी गटात एखादा वाचून आलेला मुलगा शिरतो. आमच्याकडे एक आहे, ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन वाचतो. त्याचं म्हणणं, विक्का विसाव्या शतकात घडला याने त्याचं काही बिघडत नाही. उलट इंग्लंडने जगाला दिलेला हा एकुलता एक पूर्ण धर्म, असं हटनच म्हणतात, आणि पुष्कळ पेगनांनी ते आनंदाने मान्यही केलंय. नवा आहे, तर नव्याने काय केलं ते बोलू या, असं तो म्हणतो. अशा मुलाशी वाद घालू नये. 'ज्ञान पुस्तकात नसतं बाळा' एवढं लिहावं आणि खाली चंद्राचा फोटो टाकावा.

चर्चा थंडावली की दुःख काढा. नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, हे वाक्य दर दोन महिन्यांनी एकदा सोडलं की गट तीन दिवस धगधगतो. हा आकडा जर्मनीतल्या फॉइग्ट नावाच्या गृहस्थांचा, अठराव्या शतकातला. क्वेडलिनबुर्ग या एका गावच्या दप्तरात सापडलेल्या थोड्याशा खटल्यांवरून त्यांनी त्रैराशिक मांडलं, दर शतकाला ८,५८,४५४, गुणिले अकरा शतकं, बरोबर ९४,४२,९९४. शेवटचा चार लक्षात घ्या, त्या चारामुळे विश्वास बसतो. आजचे अभ्यासक ४० ते ६० हजार म्हणतात आणि इंग्लंडात तर बहुतेकांना फाशी दिलं होतं, पण ४० हजारांवर गट तीन दिवस चालत नाही. त्या हटनवाल्या मुलाने एकदा वर्तमानपत्राचं कात्रण टाकलं. आपल्यापासून दीडशेक किलोमीटरवर, झाबुआकडच्या एका गावात, डाकण ठरवून एका बाईला मारहाण झाली होती. मी ते ताबडतोब काढायला लावलं. गटाचा विषय युरोप आहे.

आता सणवार. वर्षाच्या चक्रात आठ सण असतात. हे आठांचं चक्र १९५०च्या दशकात जुळवलं गेलं आणि मेबन, लिथा ही नावं त्यात १९७०च्या दशकात एका अमेरिकन लेखकाने बसवली, तेव्हा अर्थातच पाच हजार वर्षांपूर्वीचं. चक्र इंग्लंडच्या हवेवर बेतलेलं आहे, ही किरकोळ बाब. बेल्टेन म्हणजे १ मे, त्या दिवशी उन्हाळ्याच्या स्वागताला होळी पेटवतात. इंदुरात १ मेला उन्हाळा स्वागताची वाट बघत थांबलेला नसतो. पारा चाळीसच्या वर असताना आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी जाळ केला. शेजारचे वर येऊन म्हणाले, 'भिया, वायरिंग जळाली का?'

तेव्हा एका ताईंनी विचारलं, या आठांत पाऊस कुठे बसतो? माळव्यात वर्ष पावसाभोवती फिरतं. जूनमध्ये सूर्य अगदी डोक्यावर येऊन भर दुपारी सावली पायाखाली गडप होते आणि पुढे सगळे आभाळाकडे बघत बसतात. मग पोळा आहे, पितृपक्षात पोरी भिंतीवर शेणाची नि फुलांची संजा मांडतात ते आहे. आपलं चक्र आपण काढू या का? प्रश्न चांगला होता. चांगला प्रश्न ओळखायची खूण सांगतो, त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नसतं. अशा वेळी 'मूळ परंपरेत ढवळाढवळ नको' असं लिहावं.

आणि मराठी माणसाकडे एक ब्रह्मास्त्र आहेच, 'हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच आहे.' थॉर? इंद्र. झालं. ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्ट लोकांचे पुरोहित? ब्राह्मण. स्टोनहेंज, इंग्लंडातलं ते दगडांचं वर्तुळ? मंदिरच असणार. स्टोनहेंजचे मोठे दगड साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे राहिले आणि ड्रुइडांचा लेखी उल्लेख त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने सापडतो, म्हणजे ते त्यांनीही बांधलं नाही, पण आपण बांधलं असायला काय हरकत आहे? या अस्त्राने कुठलीही चर्चा चार मिनिटांत संपते आणि सगळ्यांना जिंकल्यासारखं वाटतं.

दृष्टान्तांचं एक सांगायचं राहिलं. पाश्चात्त्य पेगन मंडळींत त्याला यूपीजी म्हणतात, अनव्हेरिफाइड पर्सनल नोसिस, म्हणजे 'मला जाणवलं, पुरावा मागू नका'. तिकडची शहाणी माणसं हा शिक्का स्वतःहूनच लावतात, हे जुन्या कथेतलं आणि हे माझं, असं वेगळं सांगतात. आम्ही तो शिक्का काढून टाकलाय. मला मात्र कधी कधी माझी आजी आठवते. वाड्यात एका बाईच्या अंगात देवी यायची. सगळ्या बायका पाया पडायच्या, आणि आजी पाया पडून झाल्यावर हळूच विचारायची, 'आई, माझ्या माहेरच्या देव्हाऱ्यात तुझ्या डाव्या हाताला कोण बसतं गं?' असली बाई आज गटात असती तर मी तिला बाहेर काढलं असतं.

एवढी काळजी घेऊनही गेल्या वर्षी एक अपघात झालाच. राजेंद्र नगरच्या एक काकू आहेत, भाचीने त्यांना गटात घातलं होतं. आठ महिने त्या नुसत्या वाचत होत्या. ३१ ऑक्टोबरला साउइन, पितरांची रात्र. मी नेहमीप्रमाणे मेणबत्तीचा फोटो आणि खाली गेलेल्यांचं पान मांडून मुक्याने जेवायचा विधी टाकला, सत्तावीस हात जोडलेले आले, सगळं सुरळीत. १ नोव्हेंबरला सकाळी सव्वासातला काकूंचा पहिला मेसेज.

'काल तुम्ही सांगितलं तसं रात्री पान मांडलं, न बोलता जेवले. यांना जाऊन दीड वर्ष झालं. यांना आवडायचा तो भुट्ट्याचा कीस केला. मिठाचं रिंगण करायचं होतं पण खडे मीठ नव्हतं म्हणून जिरावण मसाला घातला. आता पानातलं उरलंय, मेण आहे, सुकलेली फुलं आहेत. आठला कचऱ्याची गाडी येईल. ओल्यात टाकू का सुक्यात? आणि यांचं पान गाडीत घालायचं का?'

२०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेतलेलं शहर आपलं, ओला आणि सुका यांत इथे कुणी चुकत नाही. पण उत्तर कुणाला देता येईना. कुणी म्हणालं गाईला घाला. कुणी म्हणालं कुंडीत पुरा, आईचं मी तसंच केलं. देवासचे एक गृहस्थ, कधी न बोलणारे, त्यांनी लिहिलं की त्यांच्या फ्लॅटच्या गच्चीवर कावळाच येत नाही, तीन वर्षं काकबळी तसाच सुकतो आणि ते तो खिशातून ऑफिसला घेऊन जातात, तिथे पिंपळ आहे. एका ताईंनी विचारलं, काकू, पितृपक्षात नव्हतं का वाढलं? काकू म्हणाल्या, 'वाढलं होतं, दिरांनी केलं, गुरुजी सांगतील तसं. मी स्वयंपाकघरात होते. काल मी स्वतः वाढलं.' मँचेस्टरचा भाचा म्हणाला, आम्ही इथे पंधरा जण ही रात्र पाळतो, पण आमच्यापैकी कुणाचं कुणी गेलेलं नाहीये, आम्ही नुसतेच गप्प बसतो. हटनवाल्या मुलाने एकही दाखला दिला नाही, फक्त विचारलं, कुणी आल्यासारखं वाटलं का? काकूंचं उत्तर आलं, 'नाही रे. पण झोप लागली. किती दिवसांनी.'

दुपारपर्यंत दीडशेवर मेसेज झाले. एकही फॉरवर्ड नव्हता. चंद्र नव्हता, गुड मॉर्निंग नव्हतं, पाच हजार वर्षांचा कुणी उल्लेखही केला नाही. माझी अवस्था तुम्ही समजू शकता. फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकेल अशी सोय फोनमध्ये असते, ती मी दोन वाजता चालू केली आणि स्टोनहेंजवरच्या सूर्योदयाचा एक चांगला फोटो टाकला.

संध्याकाळी काकूंचा मला वेगळा मेसेज आला. 'गट बंद पडलाय का भाऊ? गाडी निघून गेली, पान तसंच आहे. ओलं का सुकं ते राहिलंच.'

मी हात जोडलेला पाठवला.