दमवलं की घोडा सुधारतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, एवढी मोठी प्रतिक्रिया टाईप केलीत, आधी थँक्यू. तुमचं म्हणणं असं की हंटला (म्हणजे इंग्लंडात शिकारी कुत्र्यांच्या मागे घोड्यावरून जातात तिथे) बक मारणाऱ्या, म्हणजे पाठ फुगवून मागचे पाय उडवणाऱ्या घोड्याला सगळ्यात मागे ठेवा आणि लवकर घरी आणा हे मी लिहिलं ते म्हणजे नुसते लाड, कडक लगाम घालून पुढे सोडायचा, दोन-तीन तास पळवून घाम काढायचा की येतो सुतासारखा सरळ. आणि शेवटी कोल्ह्यांवरून टोमणा.

कोल्ह्यांचं आधी उरकते. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्यांकरवी कोल्हा मारायला फेब्रुवारी २००५ पासून बंदी आहे, आता आधी वासाचा माग ओढून ठेवतात आणि हाउंड्स, म्हणजे शिकारी कुत्रे, त्यामागे जातात. त्याच्या आडून काय काय चालतं यावर इथे कायम भांडणं असतात, लेबर पक्षाने २०२४च्या जाहीरनाम्यात तेही बंद करू म्हटलंय, आणि झालं बंद तर मी काही रडत बसणार नाही. पण घोड्याला यातलं काय कळतंय हो, शिंग वाजलं, हाउंड्स ओरडले, पुढचे चाळीस घोडे सुटले, आणि हा कळपातला प्राणी, त्याला मागे राहायचीच भीती वाटते.

आता दमवायचं. एक दिवस दमेल, मान्य. पण दर आठवड्याला असं पळवलंत तर तो दमत नाही, फिट होतो, म्हणजे महिन्याभराने वेड तेवढंच आणि दम दुप्पट. वर त्याच्या डोक्यात बसतं की हंट म्हणजे सुटायचं, मग घोड्यांच्या गाडीतून उतरतानाच घामाने फेसाळलेला असतो.

आणि बक बहुतेक वेळा भरधाव पळताना नाही, थांबल्यावर येतो. हाउंड्स झाडीत वास शोधतायत, सगळे उभे, आपण घाबरून दोन्ही लगाम आवळून धरलेत, मग त्याने जायचं कुठे? पावलं आखूड होतात, खोगिराखाली पाठ टणक फुगते, ते बसल्याजागी कळतं. पण जोरात बक मारायला त्याला डोकं खाली घालावंच लागतं. म्हणून डोकं वर ठेवायचं, एकाच लगामाने वळवून गोल गोल चालवत राहायचं, टाच खाली, आपण पुढे झुकायचं नाही. गळ्यात रिकिबीचा जुना पट्टा बांधा आणि तोल गेला तर तो पकडा, लगाम नाही. कडक लगामाला माझा विरोध नाही, ब्रेक लागत नसेल तर पेलहॅम (तोंडातली जास्त कडक कडी) घाला की, पण तोंड दुखलं की काही घोडे बकऐवजी मागच्या पायांवर उभे राहतात. त्यापेक्षा बक परवडला.

हाउंड्स जवळून जाताना घोड्याचं तोंड त्यांच्याकडे, पार्श्वभाग नाही!! हाउंडला लाथ बसली तर तिथे तोंड दाखवायची सोय राहत नाही. शेपटीला लाल रिबीन (हा घोडा लाथ मारतो, लांब राहा अशी खूण) लावली म्हणजे लाथा मारायचं लायसन मिळालं असं काही लोकांना का वाटतं देव जाणे.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, बक मारल्यावर घरी नेलं तर तो तेच शिकणार. म्हणून मी लवकर म्हटलं ते बक नंतर नव्हे. त्याने मान सैल सोडली, दहा-वीस पावलं शांत चालला, की तिथूनच परत, मग पुढे कितीही छान दौड होणार असू दे. नवीन घोडा असेल तर सरळ ऑगस्टमधल्या हाउंड एक्झरसाईजपासून (हाउंड्सना नुसतं फिरवून आणतात तिथपासून) न्या, तिथे पळापळ नसते, आणि हंटच्या आदल्या दिवशी चंदी वाढवू नका, उलट कुरणात मोकळा सोडा.

पण हे सगळं तब्येतीने ठणठणीत घोड्यासाठी. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमचा घोडा तबेल्यात तंग आवळतानाच कान पाडून चावायला येतो. दादा, हा उतावळेपणा नाही, त्याला कुठेतरी दुखतंय. खोगीर बसत नसेल, पाठ असेल, पोटात अल्सर असेल, आधी व्हेटला बोलवा आणि तोवर त्याच्यावर बसू नका.