घोड्याची गाठ बिब्ब्याने जळत नाही, भडकते

मामांच्या कुमैत घोडीच्या मागच्या मांडीला आतल्या बाजूने दोन वर्षांपासून रुपयाएवढा चट्टा होता. केस गेलेले, कातडी राखाडी आणि खरखरीत. दुखत नव्हता, वाढत नव्हता. खरारा करताना मामांचा हात रोज त्यावरून जायचा. गेल्या महिन्यात त्यांच्या फोनवर एक मेसेज आला आणि त्यांनी त्या चट्ट्यावर बिब्बा लावला. नवव्या दिवशी मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा तिथे मुठीएवढं लाल मांस बाहेर आलं होतं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं. रक्त ठिबकत होतं, माश्या बसत होत्या. दुसऱ्या मांडीला जिथे जिथे तेल लागलं, तिथे बिब्बा उतून फोड आले होते. अंगाला हात लावू देणारी ती घोडी बादली पाहूनच लाथ उचलायला लागली होती.

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि तोच मेसेज सारंगखेड्याच्या यात्रेत ओळख झालेल्या दोघांनी मलाही पाठवला आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: घोड्याच्या अंगावरची कुठलीही गाठ म्हणजे मस. ती शेपटीच्या केसाने आवळावी. नाही गळाली तर बिब्ब्याचं तेल, चुना आणि मोरचूद लावावा, मुळासकट जळते. पांढऱ्या घोड्याला गाठी उष्णतेने होतात, हरभरा बंद करावा. डॉक्टरने कापली की कॅन्सर पसरतो. आयव्हर्मेक्टिन या जंताच्या औषधाने सगळं बरं होतं. आणि पू असेल तर हाताने दाबून काढावा.

"अगं, एवढ्या लोकांनी पाठवलंय, खोटं कसं असेल?" मामांनी विचारलं. म्हणून लिहिते.

आधी बिब्बा. मामांच्या घोडीचा तो चट्टा नायटा नव्हता आणि मसही नव्हता. त्याला सार्कॉइड म्हणतात. जगभरात घोड्यांच्या कातडीला होणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते. गाई-बैलांना ज्या विषाणूने चामखिळी येतात, त्याच विषाणूशी तिचा संबंध आहे. ती फुप्फुसात, यकृतात जात नाही, पण आहे तिथे कातडीत खोल शिरते. आणि तिचा एक स्वभाव घोडेवाल्याने पाठच करायला हवा: शांत बसलेल्या सार्कॉइडला इजा झाली की ती पेटते. ओरखडा, तंगाचं, म्हणजे खोगिराच्या पट्ट्याचं, घासणं, अर्धवट कापणं, एवढंही पुरतं. बिब्ब्याचं तेल तर निरोगी कातडीवरही फोड आणतं. ते वरचा थर जाळतं, खालची मुळं तशीच राहतात, आणि भाजलेल्या जागेतून गाठ दुप्पट जोराने वर येते. चुना आणि मोरचुदाचं तेच. 'मुळासकट' हा शब्द ज्याने लिहिला, त्याने त्या जखमेत बोट घालून मूळ कुठवर गेलंय ते कधी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

केसाने आवळण्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. देठ बारीक असलेल्या, लोंबणाऱ्या गाठीला आम्हीही कधी कधी रबरी रिंग घालतो. पण बुडात काही शिल्लक राहत नाही ना हे बघून, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन. धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक जनावर पाळीव प्राण्यांत दुसरं नाही. त्याचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीतच असतात, आणि आवळून मेलेलं, हवा न लागणारं मांस त्यांना हवंच असतं. डोळ्यावर आतला पडदा सरकतो, कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, दातखीळ बसते. त्यानंतर वाचलेले घोडे मी फार थोडे पाहिले आहेत.

हरभऱ्याचा गाठीशी काही संबंध नाही. सब्जा घोडा गडद रंगाचा जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होतो. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या गटाने 2008 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दाखवून दिलं, की त्याला पांढरा करणारा जनुकातला बदलच त्याला मेलॅनोमाकडे, म्हणजे रंगपेशींच्या गाठींकडे, ढकलतो. एका जनुकातला डीएनएच्या साधारण 4,600 अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो, बस. पंधरा वर्षांवरच्या सब्ज्या घोड्यांपैकी 70 ते 80 टक्क्यांना या गाठी होतात, असं तोच लेख सांगतो. म्हणजे खुराक काहीही असो, शेपूट उचलून बघणं चुकवू नका. गुदाभोवती, शेपटीच्या खालच्या बाजूला, कानाखाली, ओठांवर काळ्या, टणक गोळ्या लागतात. वाटाण्याएवढ्या असताना काढणं सोपं. वर्षानुवर्षं काही होत नाही म्हणून सोडल्या, तर पुढे त्या एकमेकींना चिकटतात आणि लीद टाकायलाही अडचण होते. जन्मतः पांढऱ्या, गुलाबी कातडीच्या नुकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या डोळ्याच्या कडेला किंवा लिंगावर न भरणारी जखम दिसली, तर ती उन्हाने झालीय म्हणून मलम लावत बसू नका, तो कर्करोग असू शकतो.

कापल्याने पसरतो? नुसतं कापून सोडलं तर सार्कॉइड पुष्कळदा परत येते, बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आतच. या भीतीला कारण आहे. पण म्हणूनच आम्ही नुसतं कापत नाही. भोवतालच्या चांगल्या कातडीसकट काढतो, बूड द्रवरूप नायट्रोजनने गोठवतो, कधी गाठीत सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध टोचतो, डोळ्याजवळ असेल तर काही वेळा माणसांची बीसीजी लसही वापरली जाते. हा नायट्रोजन काही परदेशातून आणावा लागत नाही. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, तिच्यातच असतो, उणे 196 अंशांवर.

आयव्हर्मेक्टिनने बरी झालेली ती बरसाती. पावसाळ्यात माश्या जखमेवर कृमींच्या अळ्या सोडतात, मांस वाढतं, आत पिवळे खडे लागतात. दिसते गाठीसारखीच, आणि अळ्या मेल्या की जखम बसते. शिंगराच्या ओठांवरच्या चामखिळीही काही महिन्यांत आपोआप जातात. त्या वेळी जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं.

आणि पू दाबून काढायचा सल्ला ज्याने दिला, त्याच्यावर मला खरोखर राग आहे. पायावर माळेसारख्या गाठी उठून फुटत असतील, तर तो ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग असू शकतो. तो माणसाला होतो आणि माणूस दगावतो. 2006 मध्ये तो महाराष्ट्रातही सापडला होता. 2009 च्या केंद्रीय कायद्याखाली त्याची खबर देणं बंधनकारक आहे, रक्ताची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. अशा गाठीला उघड्या हाताने शिवू नका. घोडा वेगळा बांधा आणि सरकारी दवाखान्यात कळवा.

मामांच्या घोडीची गाठ आम्ही भूल देऊन काढली, बूड दोनदा गोठवलं आणि दोनदा वितळू दिलं. वरातींची लग्नसराई हातची गेली. जखमेच्या वरच्या कडेला हरभऱ्याएवढं काहीतरी पुन्हा हाताला लागतंय. येत्या मंगळवारी मी टाकी घेऊन परत जाणार आहे.